अळीची ओळखपरेड

विज्ञानाचा शिक्षक निवृत्त झाला तरी गाव त्याला निवृत्त होऊ देत नाही. जामनेरात तर नाहीच. गणिताच्या मास्तरांना लोक रस्त्यातून नमस्कार करून पुढे जातात, कारण कुणाच्या घरात कधी समीकरण निघत नाही. माझ्याकडे मात्र न्हाणीत निघालेली गोम, कपाशीवरचा हिरवा किडा, कुणाच्या तरी सासूबाईंच्या उशीखाली सापडलेलं काहीतरी, असं सगळं आगपेटीतून, रुमालातून आणि बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यातून येत राहतं. मीही आजवर कुणाला नाव न सांगता परत पाठवलेलं नाही. नाव सांगायला अडचण कसली? लॅटिन असलं म्हणजे झालं. ‘पेरिप्लॅनेटा अमेरिकाना’ म्हटलं की झुरळ घेऊन आलेला माणूस परत जाताना ते जरा जपून धरतो. आणि सांगितलेलं नाव तपासायला गावात दुसरं कुणी नाही, या एका खांबावर माझी सगळी विद्वत्ता उभी होती.

तो खांब एका पेरूनं हलवला.

शेजारच्या आबांचं कांग नदीच्या अंगाला शेत आहे. बांधावर पेरूची झाडं, एल-४९ जातीची. (हा पेरू ‘लखनौ-४९’ म्हणून ओळखला जातो. बी लखनौचं, पण निवड झाली पुण्याच्या गणेशखिंडीत, १९२७ मध्ये. म्हणजे नाव एका गावाचं आणि जन्म दुसऱ्या गावाचा, हा घोटाळा सालीपासूनच सुरू होतो. आतल्या अळीला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही.) भर पावसाळ्यात आबा एक पिवळाधमक पेरू घेऊन आले आणि म्हणाले, “सर, जाम गोड आहे, पन आत काहीतरी वळवळ करून राह्यलं.”

पेरू फोडला. पांढुरक्या, सेंटिमीटरभर लांबीच्या अळ्या. मी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, दोन सेकंद गप्प राहिलो (ही शांतता फार महत्त्वाची, डॉक्टर लोकही ती पाळतात) आणि निकाल दिला, “बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. फळमाशी.”

पुढचं मात्र मला खरोखर माहीत होतं. मादी पिकायला आलेल्या फळाला डंख करते आणि सालीखाली अंडी घालते. दीड-दोन दिवसांत अळ्या निघतात, आठवडाभर गर खातात. फळ गळून पडलं की त्या बाहेर येऊन मातीत शिरतात, तपकिरी कोषात बसतात आणि माशी होऊन पुन्हा झाडावर हजर होतात. फवारणीनं आतली अळी मरत नाही, म्हणून नर माशा पकडायच्या. नरांना मिथाइल युजेनॉलच्या वासाचं वेड असतं. हे वेड शोधलं हाऊलेट नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं, बिहारातल्या पुसा इथं. सिट्रोनेला तेलाकडे या माशांचे नर धावतात हे त्यानं १९१२ मध्ये नोंदवलं आणि पुढे तीनेक वर्षांत मिथाइल युजेनॉलपर्यंत तो पोचला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच वासावर चालतो. आबांनी झाडांना सापळे टांगले आणि थोड्याच दिवसांत डबा भरून मेलेल्या माशा मला दाखवायला आणल्या. मी त्या सौजन्यानं पाहिल्या. गावात माझं नाव झालं.

नाव झालं की माणूस थांबत नाही. आबांनी पुतण्याला सांगितलं, पुतण्यानं मेहुण्याला, आणि नेरीपासून पहूरपर्यंत ज्याच्या ज्याच्या मांडवाला गिलकी, दोडकी, कारली लागली होती तो प्रत्येक जण अळी पडलेलं फळ घेऊन माझ्या ओट्यावर येऊ लागला. अळी तशीच पांढुरकी. वळवळ तशीच. मीही नाव तेच दिलं आणि सापळाही तोच.

सापळे भरले. गिलकी मात्र पूर्वीसारखीच सडत राहिली.

पहिल्यांदा मी सापळ्याच्या उंचीला दोष दिला. ज्यांनी वर बांधला होता त्यांना खाली बांधायला लावला, ज्यांनी खाली बांधला होता त्यांना वर. मग वाऱ्याला दोष दिला. मग सुतळीला. शेवटी आबाच माझ्यासमोर मांडी घालून बसले. “सर, डब्यात पावशेर माशी पडली. गिलक्यात अळ्या तेवढ्याच. मंग ह्या मेल्या त्या कोनाच्या?”

विज्ञानातला इतका नेमका प्रश्न मला सगळ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. उत्तर सोपं होतं: मेले ते शेजारच्या पेरूच्या आणि आंब्याच्या झाडांवरचे नर, आणि गिलक्यातली अळी दुसऱ्याच कुणाची. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मला सुचलं ते फार मोठं होतं. जी माशी माझ्या सापळ्यात येत नाही ती विज्ञानाला ठाऊकच नाही! नवी प्रजाती! ‘बॅक्ट्रोसेरा जामनेरेन्सिस’! रात्री झोपेत मी सत्काराला उत्तरही दिलं. त्यात ‘माझ्या मातीनं मला अळी दिली’ असं एक वाक्य होतं, ते उठल्यावर वहीत लिहून ठेवलं.

आता ओळख पटवणं आलं.

माशी ओळखणं त्या मानानं सोपं. डॉर्सालिसच्या पोटावर काळी इंग्रजी ‘टी’ असते, झोनाटा नावाची तिची बहीण तांबूस असते आणि तिच्या पंखाच्या टोकाला ठिपका असतो. शिवाय पंखांच्या कडेच्या पट्ट्या, पाठीवरच्या पिवळ्या रेघा, असं बघण्यासारखं पुष्कळ. अळीला पंख नाहीत, पाय नाहीत, आणि डोकं म्हणावं असंही काही नाही. एक टोक निमुळतं, एक बोथट. बोथट टोकाला दोन तपकिरी ठिपके. हे अळीचे डोळे, असं मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो आणि त्या डोळ्यांत डोळे घालून मी स्वतःही बऱ्याच अळ्यांकडे पाहिलं आहे. पुस्तक उघडल्यावर कळलं की ती मागची श्वसनरंध्रं. तोंड दुसऱ्या बाजूला. इतकी वर्षं मी ज्याच्याशी नजरानजर करत होतो तो अळीचा पार्श्वभाग होता.

पण गंमत अशी, की अळीची ओळख पटते ती बरीचशी त्या पार्श्वभागावरूनच. प्रत्येक रंध्राला तीन फटी असतात. गिलक्या-भोपळ्यातल्या माशीच्या पूर्ण वाढलेल्या अळीला शेपटाकडे एक काळसर आडवी रेघ असते. पुढच्या बाजूला तोंडात दोन काळे आकडे, त्यांनीच ती गर खरवडते. आणि मानेशी दोन्ही अंगांना पंख्यासारखी पुढची श्वसनरंध्रं, त्यांना बोटं असतात. ती बोटं मोजायची. डॉर्सालिसला साधारण दहाच्या आसपास, भोपळ्याच्या माशीला पंधरा-सोळाच्या वर. हे सगळं तिसऱ्या अवस्थेतल्या, म्हणजे शेवटची कात टाकलेल्या अळीतच नीट दिसतं. त्याआधीची पोरं एकमेकांपासून ओळखू येत नाहीत.

एका शाळेतून जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेड चांगला, म्हणून तिथे मांडला. अळ्या स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या. सकाळी पाहतो तर सगळ्या काळ्या ठिक्कर! जिवंत अळी थेट स्पिरिटमध्ये टाकली की ती काळी पडते. आधी तिला कढत पाण्यात घालून मारायचं आणि मग अल्कोहोलमध्ये ठेवायचं, ही रीत पुस्तकात पुढच्या पानावर होती. कढत पाण्यासाठी मी हाताला लागलं ते पातेलं घेतलं. ते चहाचं होतं. हे घरात ज्या क्षणी उघड झालं त्या क्षणाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की त्या पातेल्यात आता तुळशीला पाणी घालतात आणि मी सूक्ष्मदर्शकासह ओट्यावर राहायला आलो.

ओट्यावर आल्यानं विज्ञान थेट जनतेत आलं. त्या दिवशी आमच्या हिची भिशी होती. बायका बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, शेव-मुरमुऱ्यांचं ताट मध्ये होतं, आणि मी अळ्यांची उघडी बशी ‘फक्त पाच मिनिटं’ दाराशेजारच्या स्टुलावर ठेवली होती. पाय नसलेला प्राणी जाणार कुठे, हा माझा हिशेब. आता, फळमाशीच्या मोठ्या अळीला एक विद्या येते. मातीत शिरायची वेळ झाली की ती अंग वाकवून तोंडाच्या आकड्यांनी स्वतःचंच शेपूट पकडते, सगळे स्नायू ताणते आणि एकदम सोडते. चार-पाच इंच उडते. भूमध्य सागराकडच्या फळमाशीच्या अळीचं हे उडणं एका अभ्यासकानं मोजून ‘नेचर’मध्ये छापलंही आहे. आमच्याकडे ते मोजायला कुणी थांबलं नाही. मुरमुऱ्यांतला एक मुरमुरा चालू लागला, एवढं मात्र समोरच्या बाईंनी स्पष्ट पाहिलं.

त्या महिन्यापासून भिशी आमच्या घरी होत नाही.

पण विज्ञान बलिदान मागतं. मी बोटं मोजत राहिलो. एकाच अळीची एकदा नऊ भरली, एकदा बारा, चष्मा पुसल्यावर सात. मग मी बोटांचा नाद सोडला आणि शेपटावरच्या काळ्या रेघेकडे वळलो. आणि ती दिसली! गिलक्यातल्या अळीला दिसली. ठळक, वक्र, देखणी. आनंदाच्या भरात मी पेरूतली अळी लावली. तिलाही दिसली! म्हणजे पेरूत आणि गिलक्यात दोन्हीकडे एकच, नवी, रेघवाली प्रजाती! काच रिकामी करून पुन्हा पाहिलं. रिकाम्या काचेवरही रेघ होती. ती माझी पापणी होती.

पारंपरिक उपाय एक उरला: अळ्या वाळूच्या बरणीत ठेवायच्या, तोंडाला फडकं बांधायचं, माशा निघेपर्यंत वाट पाहायची. बरणीतून पहिल्यांदा बाहेर आली ती माशीच नव्हती. सडपातळ, लांब मिशांची एक गांधीलमाशीवजा बाई होती. फळमाशीच्या अंड्यांत आणि अळ्यांत स्वतःची अंडी घालणाऱ्या अशा परजीवी जाती खऱ्याच असतात. पाहुणा आतून घरमालकाला खातो आणि शेवटी त्याच्याच दारातून बाहेर पडतो. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी ‘जामनेरेन्सिस’चं वर्णन तातडीनं बदलून त्यात ‘लांब मिशा’ घातलं. उरलेले कोष वाळूसकट हिनं साफसफाईत तुळशीच्या कुंडीत ओतले. पुढे काही आठवड्यांनी रोज सकाळी हळद-कुंकू वाहायच्या वेळेला तुळशीवर पिवळ्या-तांबूस माशा बसलेल्या दिसू लागल्या. तुळशीच्या पानात मिथाइल युजेनॉल असतं, नर तिकडे येणारच. हिला मी ते सांगितलं. ती म्हणाली, “माशांना कळतं सकाळी तुळशीपाशी यावं. तुम्हाला कधी कळलं?”

माझी पुतणी जळगावला एमएस्सी करते. तिला फोन केला. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “काका, तुम्ही ज्या अळीशी भांडताय तिच्याशी जगभरचे तज्ज्ञ भांडतात. बंदरावरच्या माणसाला कधी माशी सापडते का? फळ कापल्यावर अळीच सापडते. माशी निघेपर्यंत तीन आठवडे तो कंटेनर कुठे ठेवणार?”

मग तिनं मला हापूसची आठवण करून दिली. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळा-भाज्यांच्या २०७ खेपांत युरोपात किडी सापडल्या, त्यांत फळमाशीही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ बंद केलं. महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उठली. अमेरिकेला जाणारा आंबा तर २००७ पासून विकिरण करून जातो, सुरुवात झाली ती नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातून. त्या किरणांनी अळी लगेच मरतेच असं नाही; ती जिवंत राहू शकते, पण तिची माशी होत नाही. माझ्या बऱ्याच संकल्पांचं असंच होतं, त्याला किरणही लागत नाहीत.

“मग उपाय काय?” मी विचारलं.

“डीएनए,” ती म्हणाली. “अळी, कोष, माशी, माशीचा तुटका पाय, काहीही द्या. आतली अक्षरं तीच.”

मायटोकाँड्रियातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा एक तुकडा असतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवलं, की प्राण्यांच्या जाती ओळखायला हा तुकडा दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखा वापरता येईल. अळीचा कण घ्यायचा, कोरोनात आपल्या नाकात काडी घालून केली त्याच जातीची पीसीआर करून तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या, अक्षरं वाचायची आणि जगभरच्या संग्रहाशी ताडून पाहायची. अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे गेलं की छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात हेबर्ट यांच्या नावाचं बारकोडिंगचं केंद्रच आहे. म्हणजे मी ओट्यावर पापण्या मोजत होतो तेव्हा घाटापलीकडे लोक अक्षरं मोजत होते.

“फक्त नमुने चांगल्या इथेनॉलमध्ये ठेवा,” ती म्हणाली. “पंच्याण्णव टक्क्यांच्या वरचं.”

असलं इथेनॉल किराणा दुकानात मिळत नाही. त्याला उत्पादन शुल्क खात्याचे परवाने लागतात. पण अल्कोहोल ते अल्कोहोल, असा विचार करून मी दिवेलागणीला देशी दारूच्या दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. विज्ञानासाठी. गल्ल्यावरच्या पोरानं मला पाहिलं, उठला, बाहेर आला आणि माझ्या पाया पडला. माझाच विद्यार्थी. “सर, तुम्ही? इथं?” रांगेतली चार-पाच माणसंही वळली, त्यांतलेही काही माझेच विद्यार्थी. मी शक्य तितक्या मोठ्या आवाजात म्हणालो, “मला नको आहे. अळीसाठी पाहिजे.” दुकानात एकदम सन्नाटा. मग मागून कुणीतरी हळहळून म्हणालं, “रिटायर झाल्यावर लई एकटं पडतं मानूस.” पैसे घेतले नाहीत. वर एक शेंगदाण्याची पुडीही बांधून दिली.

पुतणीला बाटलीचा फोटो पाठवला. तिचा फोन आला. देशीत अल्कोहोल ४२.८ टक्के, बाकी पाणी. त्यात डीएनए टिकत नाही. शेवटी तिनंच खऱ्या इथेनॉलच्या छोट्या नळ्या पाठवल्या. मी त्यांत अळ्या भरल्या, वर चिठ्ठ्या लावल्या आणि एसटीनं जळगावला निघालो. नेरीच्या अलीकडे एका नळीचं झाकण सुटलं. खिडक्या बंद, पाऊस सुरू. वास सगळ्या गाडीत. कंडक्टर माझ्यापाशी आला, वाकला, हुंगलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर, निदान सकाळी तरी…” पूर्वीची आपली पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, असती तर हा वास कुणाला लागलाच नसता, तिच्यात वारा चारही बाजूंनी यायचा. पण ती बंद आहे, आणि तशीही ती जळगावला जात नव्हती. माणूस अडचणीत आला की त्याला कुठलीही गाडी आठवते.

नळ्यांमध्ये एक नमुना मी खास वेगळा ठेवला होता. सगळ्यांत मोठी अळी, आधीपासून जपलेली, कुणाला न दाखवलेली. ‘जामनेरेन्सिस’चा मूळ नमुना. तो खराब होऊ नये म्हणून प्रयोगशाळेतल्या बेडकाच्या बरणीतलं फॉर्मालिन घातलं होतं, आणि तो वारंवार बाहेर काढून तळहातावर घेऊन मी पाहतही असे.

निकाल आले तेव्हा पुतणी स्वतः घरी आली. तिच्या चेहऱ्यावर हसू दाबल्याच्या खुणा होत्या.

पेरूतली अळी: बॅक्ट्रोसेरा झोनाटा. डॉर्सालिस नव्हेच. पण झोनाटाच्या नरांनाही मिथाइल युजेनॉलच लागतं, म्हणून आबांचा सापळा भरला होता. निदान चूक, औषध बरोबर. बऱ्याच डॉक्टरांचा व्यवसाय यावर चालतो असं ऐकून आहे.

खाली गळून सडलेल्या पेरूतल्या बारीक अळ्या: ड्रोसोफिला. ही सुद्धा लोकांच्या लेखी फळमाशीच, पण घराणंच वेगळं. ती चांगल्या फळाला डंख करत बसत नाही. आंबू लागलेल्या फळावर येते. तिनं माझ्याआधीच अल्कोहोल शोधलं होतं आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

गिलक्यातली अळी: झ्युगोडॅकस कुकर्बिटी. भोपळ्याची फळमाशी. मूळची आपल्याच भागातली, पण तिचं शास्त्रीय बारसं झालं १८९९ मध्ये, तेही हवाई बेटांवरच्या नमुन्यांवरून. “काका, हिचे नर मिथाइल युजेनॉलकडे ढुंकूनही बघत नाहीत. यांना क्यू-ल्युअर लागतो. वेलीला तो लावायचा असतो.” हे कळायला ६५८ अक्षरं वाचावी लागली नसती, कृषी केंद्रात सापळ्याच्या पाकिटावर ठसठशीत मराठीत छापलेलं असतं. मी लॅटिनच्या नादात मराठी वाचलं नव्हतं.

“आणि मोठी अळी?” मी खालच्या आवाजात विचारलं.

तिनं कागद पुढे केला. फॉर्मालिननं अळीचा डीएनए मोडून गेला होता. पण नमुना उघड्या हातांनी हाताळल्यामुळे त्यावर दुसऱ्याच प्राण्याचा डीएनए भरपूर होता, आणि पीसीआरनं इमानदारीनं त्याच्याच प्रती काढल्या होत्या. जुळणी अगदी पक्की होती. होमो सेपियन्स.

‘जामनेरेन्सिस’ म्हणून पाठवलेला नमुना शेवटी जामनेरचाच निघाला.

मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. पुतणीनं धीर दिला. तिनं सांगितलं, की २००३ मध्ये केनियात एक फळमाशी सापडली, २००५ मध्ये ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स’ या नावानं नवी प्रजाती म्हणून तिचं वर्णन छापलं गेलं, आणि आफ्रिकाभर तिची दहशत पसरली. मग बऱ्याच देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून तिचं शरीर, तिचा डीएनए, तिच्या नर-मादीचं जुळणं, सगळं तपासलं आणि २०१५ मध्ये जाहीर केलं, की ही आशियातली जुनीच डॉर्सालिस. फिलिपीन्सची आणि मलेशियाकडची पपईवरची, अशा वेगळ्या समजल्या गेलेल्या जातीही त्याच एका नावात परत गेल्या. उलट कॅरॅम्बोले नावाची बहीण खरोखर वेगळी आहे, पण नुसत्या सीओआयवरून ती डॉर्सालिसपासून नीट वेगळी काढता येत नाही. तिथे इतर जनुकं आणि माशीचं शरीरही बघावं लागतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं. इन्व्हाडेन्स दहा वर्षं टिकली. माझी प्रजाती निदान भिशीपर्यंत तरी टिकली होती.

मांडवांत आता क्यू-ल्युअर लागले आहेत, गळलेली फळं लोक गोळा करून खोल खड्ड्यात पुरतात, आणि गिलकी बरीच सुधारली आहेत. आबांनी श्रेय पुतणीला दिलं. मला त्यांनी हिवाळ्यात शेतावर भरताच्या पार्टीचं आमंत्रण दिलं.

भरीत म्हणजे आपलं नाक. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून निघत होती, बडगीत मिरच्या कुटल्या जात होत्या, कळण्याची पुरी तळून येत होती. एक जण भाजायच्या वांग्यांना चिरा देत होता. त्यातल्या एका चिरेत मला काहीतरी गुलाबी हललेलं दिसलं आणि माझ्या अंगात बळ आलं. मी वांगं उचललं, उघडलं, चष्मा नाकावर आणला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “ही फळमाशी नव्हे! नीट पाहा. हिला पाय आहेत. पुढे तीन जोड्या. तपकिरी डोकं आहे. हा शेंडा आणि फळ पोखरणारा पतंग, ल्युसिनोड्स ऑर्बोनालिस! याच अळीसाठी जालन्याच्या महिकोनं बीटी वांगं केलं होतं, त्याला २०१० मध्ये सरकारनं स्थगिती दिली. अंडी पानांवर, अळी वांग्यात, आणि भोक इतकं बारीक की बाहेरून पत्ता लागत नाही, त्यामुळे आत्ता भाजून ठेचलेल्या त्या पहिल्या घाण्यात किती असतील हे कुणी…”

ओळख शंभर टक्के बरोबर होती. प्रयोगशाळा नाही, पापणी नाही, शुद्ध डोळ्यांनी केलेली.

ठेचणाऱ्याचा हात थांबला. पंगतीतल्या दोघांनी ताटं खाली ठेवली. एक पोरगं रडायला लागलं. आबांनी माझ्या हातातलं वांगं काढून घेतलं, बांधापलीकडे भिरकावलं आणि मला जरा बाजूला नेलं.

“सर,” ते म्हणाले, “पुढल्या बारीला तुम्ही शेवभाजीला या.”